नैसर्गिक मारक पेशी आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘एनके सेल थेरपी’ हे शब्द आता डॉक्टरांच्या परिषदांमधून रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचले आहेत. मागोमाग जाहिरातीही आल्या आहेत. या पेशींमागचं विज्ञान भक्कम आहे आणि अतिशय सुंदरही आहे. पण विज्ञान पक्कं झालं म्हणजे उपचार तयार झाला असं होत नाही. मधे बरीच वाट चालायची उरते, आणि लोकांची फसगत नेमकी याच वाटेवर होते. म्हणून आधी पेशी समजून घेऊ, उपचारांकडे मग वळू.

एनके पेशी म्हणजे नेमकं काय?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाचा एक गट असतो. बी पेशी, टी पेशी आणि एनके पेशी या त्याच गटातल्या. एनके म्हणजे ‘नॅचरल किलर’, नैसर्गिक मारक. रक्तातल्या लिम्फोसाइटपैकी साधारण ५ ते १५ टक्के पेशी एनके असतात. अस्थिमज्जेत तयार होऊन त्या रक्त, प्लीहा, यकृत, फुप्फुसं अशा ठिकाणी वावरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या इतर लिम्फोसाइटपेक्षा जरा मोठ्या दिसतात आणि त्यांच्या आत बारीक दाणे दिसतात. मारण्याचं सगळं साहित्य त्या दाण्यांतच भरलेलं असतं.

टी पेशींचा कारभार वेगळा. प्रत्येक टी पेशी एखाद्या ठरावीक खुणेसाठीच घडलेली असते. ती खूण समोर यायची, ओळख पटायची, मग त्या पेशीची संख्या वाढायची, यात काही दिवस जातात. एनके पेशीला अशी आधीची ओळख लागत नाही. भेटलेली पेशी ती जागच्या जागी तपासते आणि तिथेच निर्णय घेते.

तपासणीच्या रिपोर्टवर ‘सीडी३ निगेटिव्ह, सीडी५६ पॉझिटिव्ह’ लिम्फोसाइट (सीडी३, सीडी५६ ही पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणांची नावं) असा उल्लेख असेल, तर तो आकडा एनके पेशींचा. ‘एनकेटी’ मात्र वेगळ्या. नाव सारखं असलं तरी त्या टी पेशींचाच एक प्रकार आहेत.

त्यांचा शोध कसा लागला?

कचरा समजून बाजूला टाकायच्या आकड्यांतून. १९७० च्या दशकात टी पेशींची मारकशक्ती मोजण्याची एक चाचणी सर्रास वापरली जायची. कॅन्सरच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियम पाजायचं, त्यात लिम्फोसाइट मिसळायच्या आणि साधारण चार तास थांबायचं. पेशी फुटली की क्रोमियम बाहेरच्या द्रवात उतरतं. तो द्रव मोजला की किती पेशी मेल्या ते कळतं. अडचण अशी, की तुलनेसाठी घेतलेल्या, त्या कॅन्सरशी कधीच संबंध न आलेल्या प्राण्यांच्या आणि निरोगी माणसांच्या लिम्फोसाइटही कॅन्सरच्या पेशी मारत होत्या. बऱ्याच जणांनी हा चाचणीतला दोष मानला आणि तेवढा आकडा वजा करून ते पुढे गेले.

काहींनी मात्र तो आकडा वजा केला नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी आणि अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटाने १९७५ मध्ये दाखवून दिलं, की हे काम एका वेगळ्याच पेशीचं आहे.

आपली निरोगी पेशी कोणती आणि कॅन्सरची कोणती, हे त्यांना कळतं कसं?

या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए वर्ग १ नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत काय चाललंय याचे छोटे नमुने ती बाहेर मांडत असतात. टी पेशी हे नमुने पाहूनच बिघाड ओळखते. साहजिकच, टी पेशींपासून लपायचं तर कॅन्सरच्या पेशीला सोपा मार्ग म्हणजे एचएलए काढूनच टाकणं. अनेक गाठी तेच करतात.

क्लास कॅरे या स्वीडिश संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उलट बाजूने विचार केला. एनके पेशी शत्रूची खूण शोधतच नसतील, तर? आपली खूण हरवली आहे का, एवढंच त्या पाहत असतील, तर? १९८६ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधला पुरावा मांडला: ज्या लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कॅन्सर) पेशींवर ही प्रथिनं जवळपास नव्हती त्यांना एनके पेशींनी संपवलं, आणि ज्यांच्यावर ती शाबूत होती त्या वाढत राहिल्या. या कल्पनेला ‘मिसिंग सेल्फ’ म्हणतात. टी पेशीच्या नजरेतून सुटण्यासाठी कॅन्सरने केलेली युक्तीच त्याला एनके पेशीच्या तावडीत देते. शरीराची ही दुहेरी योजना पाहून थक्क व्हायला होतं.

पण एवढ्यावर भागत नाही. तांबड्या रक्तपेशींवर एचएलए वर्ग १ जवळपास नसतंच, तरी एनके पेशी त्यांच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे खूण नसणं पुरेसं नाही, मारण्यासाठी काहीतरी सबळ कारणही लागतं. एनके पेशीच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरच्या खुणा पकडून आत संदेश देणारी प्रथिनं, असतात. एक प्रकार थांबवणारा: ‘केआयआर’ नावाचं कुटुंब आणि ‘एनकेजी२ए’. हे एचएलएला जाऊन चिकटतात आणि ‘सोडून दे’ असा संदेश देतात. दुसरा प्रकार उठवणारा: ‘एनकेजी२डी’, ‘एनकेपी४६’, ‘एनकेपी३०’ वगैरे. डीएनए तुटलेली, विषाणू शिरलेली किंवा बेबंद वाढणारी पेशी ताणाखाली असते आणि आपल्या पृष्ठभागावर ‘एमआयसीए’, ‘एमआयसीबी’ अशी प्रथिनं आणते. एनकेजी२डी ती पकडतो. तांबड्या पेशीवर असं काहीच नसतं, म्हणून ती सुखरूप राहते.

ज्या बाजूचं पारडं जड, तसा निर्णय. आणि हा तोल दर भेटीत नव्याने जोखला जातो.

मग त्या मारतात कशा?

एनके पेशी लक्ष्याला घट्ट चिकटते. आतले दाणे पेशीच्या सांगाड्यावरून सरकत संपर्काच्या जागी गोळा होतात आणि दोन पेशींमधल्या चिंचोळ्या फटीत रिकामे होतात. त्यातलं परफोरिन हे प्रथिन लक्ष्याच्या आवरणात छिद्रं पाडतं आणि ग्रॅन्झाइम नावाची विकरं आत शिरतात. ती पेशीची स्वतःला संपवण्याची यंत्रणा सुरू करतात. पेशी आक्रसते, तिचा डीएनए तुकडे तुकडे होतो, आणि उरलेला भाग दुसऱ्या पेशी गिळून टाकतात. एनके पेशी सुटी होते आणि पुढच्या लक्ष्याकडे वळते. एकच एनके पेशी एकामागोमाग अनेक पेशी मारताना चित्रित झालेली आहे.

याशिवाय ती इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं रसायन स्रवते. त्यामुळे मॅक्रोफेज (गिळून टाकणाऱ्या पेशी) जागे होतात, टी पेशींना बळ मिळतं आणि कॅन्सरच्या पेशींवर एचएलएही वाढतं. काही वेळा मारण्यापेक्षा हे बोलावणंच जास्त मोलाचं ठरतं.

सगळ्या एनके पेशी मारकच असतात का?

नाही. रक्तातल्या बहुतेक, सुमारे ९० टक्के, मारण्यात तरबेज असतात. लसिकाग्रंथींमध्ये मुख्यतः संदेश पाठवणारा प्रकार सापडतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात एनके पेशी मोठ्या संख्येने असतात आणि तिथे त्या वारेला रक्तपुरवठा नीट मिळावा म्हणून रक्तवाहिन्या घडवायला मदत करतात.

एनके पेशी शरीरात असूनही कॅन्सर होतोच कसा?

कारण दिसून येतो तो कॅन्सर एनके पेशींच्या तपासणीतून निसटूनच वाढलेला असतो. निसटण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. गाठ आपल्या पृष्ठभागावरचं एमआयसीए कापून रक्तात सोडते. त्यामुळे पेशीवरची खूणही जाते, आणि सुटे तुकडे एनके पेशीच्या रिसेप्टरला अडकून तो बोथट करतात. गाठीच्या आसपास टीजीएफ-बीटा हे दाबून टाकणारं रसायन साचतं. आत ऑक्सिजन कमी, लॅक्टिक आम्ल जास्त. अशा वातावरणात एनके पेशी मलूल होते. काही गाठी एचएलए-ई हा एचएलएचाच एक प्रकार वाढवतात आणि एनकेजी२एमार्फत थांबण्याचा संदेश पाठवत राहतात. आणि मुळात घट्ट गाठीच्या आतपर्यंत फारच थोड्या एनके पेशी पोहोचतात. त्यांची खरी ताकद रक्तातून फिरणाऱ्या सुट्या कॅन्सर पेशींविरुद्ध आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये जास्त दिसते.

जपानमधल्या सैतामा प्रांतात साडेतीन हजारांहून अधिक लोकांवर ११ वर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइटची नैसर्गिक मारकशक्ती सुरुवातीला कमी होती, त्यांच्यात पुढे कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळलं. हा संबंध आहे, भाकीत नाही. एकेका माणसाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही.

आज दिल्या जाणाऱ्या उपचारांत एनके पेशींचा काही वाटा आहे का?

आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. रिटुक्सिमॅब, ट्रास्टुझुमॅब, सेटुक्सिमॅब ही अँटिबॉडी औषधं अनेक वर्षं वापरात आहेत. अँटिबॉडीचं एक टोक कॅन्सरच्या पेशीला चिकटतं. दुसरं टोक एनके पेशीवरच्या सीडी१६ या रिसेप्टरला सापडतं, आणि तो उठवणारा संदेश इतका जोरकस असतो की एनके पेशी हल्ला करते. ही औषधं इतर मार्गांनीही काम करतात, पण हा मार्ग महत्त्वाचा. पुढे आलेल्या ओबिनुटुझुमॅबमध्ये अँटिबॉडीवरची साखरेची साखळी मुद्दाम बदलली आहे, ती सीडी१६ला अधिक घट्ट बसावी म्हणून.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मूत्राशयाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी, बीसीजीला (क्षयाच्या लशीतले जिवाणू मूत्राशयात सोडण्याचा उपचार) दाद न देणाऱ्या रुग्णांकरिता, इंटरल्यूकिन-१५ वर आधारित औषधाला मान्यता दिली. ते बीसीजीच्या जोडीने देतात. इंटरल्यूकिन-१५ हे एनके पेशींना जगवणारं आणि वाढवणारं रसायन आहे, टी पेशींनाही त्याचा फायदा होतो.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटशी यांचा काय संबंध?

केआयआरची जनुकं १९ व्या गुणसूत्रावर असतात, एचएलएची ६ व्या. दोन्ही स्वतंत्रपणे वारशाने येतात. त्यामुळे दात्याच्या एनके पेशी थांबण्यासाठी जी खूण शोधतात, ती रुग्णाच्या पेशींवर नसेल असं घडू शकतं, अगदी आई-मुलामध्येसुद्धा. इटलीतल्या पेरूजा इथल्या आंद्रेआ वेलार्डी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं, की एचएलए अर्धंच जुळणाऱ्या दात्याकडून ट्रान्सप्लांट झालेल्या, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये अशी विजोड जोडी असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण खूप कमी होतं. दुसऱ्या केंद्रांना मिळालेले निकाल मात्र एकसारखे नव्हते. ट्रान्सप्लांटची पद्धत बदलली की परिणामही बदलतो. तरी आजच्या एनके उपचारांची पायाभरणी याच कामाने झाली असं मी म्हणेन.

एनके पेशी सलाइनमधून देतात म्हणजे नक्की काय करतात?

पेशी बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या नसतात. त्या निरोगी दात्याच्या रक्तातून, नाळेच्या रक्तातून किंवा प्रयोगशाळेत मूळपेशींपासून तयार करतात. एनके पेशी टी पेशींप्रमाणे परक्या शरीरावर सरसकट तुटून पडत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या पेशी चालतात. मात्र त्या तुकडीत टी पेशी राहू नयेत म्हणून फार काळजी घ्यावी लागते. संख्या वाढवण्यासाठी के५६२ नावाच्या ल्युकेमिया पेशी वापरतात. त्यांच्यावर एचएलए वर्ग १ नसतं, त्यामुळे एनके पेशी त्यांच्या संगतीत जोमाने वाढतात. या के५६२ पेशींवर आधी किरणांचा मारा करून त्यांची वाढ बंद केलेली असते.

देण्यापूर्वी काही दिवस रुग्णाला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधं देतात. उद्देश कॅन्सर मारण्याचा कमी, जागा करण्याचा जास्त. रुग्णाच्या स्वतःच्या लिम्फोसाइट कमी झाल्या की नव्या पेशींना वाढीची रसायनं मिळतात आणि त्या लगेच नाकारल्या जात नाहीत. प्रत्यक्ष पेशी देणं त्या मानाने साधं दिसतं: गोठवलेली छोटी पिशवी वितळवायची आणि वेळ न दवडता शिरेतून द्यायची. त्यानंतर ताप, रक्तदाब, ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवायचं. त्या आठवड्यांतला मोठा धोका बहुधा एनके पेशींचा नसतो, केमोमुळे घसरलेल्या प्रतिकारशक्तीत होणाऱ्या संसर्गाचा असतो.

आधी केमो, मग दुसऱ्याच्या एनके पेशी ही पद्धत अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातल्या जेफ्री मिलर यांच्या गटाने २००५ मध्ये मांडली. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या, बरं होण्याची आशा फार कमी असलेल्या १९ रुग्णांपैकी ५ जणांमध्ये आजार पूर्ण आटोक्यात आला. आकडा लहान, पण दुसऱ्याच्या एनके पेशी माणसात जगतात आणि वाढतात हे त्यातून पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

कार-एनके आणि कार-टी यांत फरक काय?

‘कार’ म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला, कॅन्सरवरची एक ठरावीक खूण ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर. तो टी पेशीवर बसवला तर कार-टी, एनके पेशीवर बसवला तर कार-एनके. कार-टीसाठी सहसा त्याच रुग्णाच्या पेशी घेऊन प्रत्येकासाठी वेगळं औषध बनवावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. त्याचे दुष्परिणामही तीव्र असू शकतात: रसायनांचं वादळ उठून ताप आणि रक्तदाब हाताबाहेर जाणं, मेंदूवर परिणाम होणं. कार-एनके एका दात्यापासून अनेक रुग्णांसाठी आधीच बनवून गोठवून ठेवता येतात.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये केटी रेझवानी यांच्या गटाने नाळेच्या रक्तातल्या एनके पेशींवर सीडी१९ (बी पेशींवरची खूण) ओळखणारा कार बसवला. २०२० मध्ये पहिल्या ११ रुग्णांचे निकाल आले. त्यांचा लिम्फोमा किंवा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता. ८ जणांना फायदा झाला, त्यांतल्या ७ जणांमध्ये आजार पूर्ण ओसरला. रसायनांचं वादळ किंवा मेंदूवरचा परिणाम कोणातही दिसला नाही. २०२४ मध्ये ३७ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा प्रतिसादाचं प्रमाण निम्म्याच्या जरा खाली होतं. लहान चाचणीतला चमकदार आकडा मोठ्या गटात उतरतो, हे नेहमीचंच आहे. म्हणून पहिला आकडा ऐकून हुरळून जाऊ नये.

त्या कामातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. नाळेचं रक्त गोळा केल्यापासून २४ तासांच्या आत गोठवलं असेल आणि त्यात केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी कमी असतील, तर रुग्णांना होणारा फायदा स्पष्टपणे जास्त होता. म्हणजे यश जनुकीय कारागिरीइतकंच कच्च्या मालाच्या निवडीवरही अवलंबून आहे.

मग अजून अडलंय कुठे?

टिकण्यावर, सगळ्यात आधी. दिलेल्या एनके पेशी बाहेरून आधार नसेल तर काही आठवड्यांत संपतात. पूर्वी त्यासाठी इंटरल्यूकिन-२ देत, पण त्याने प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी पेशीही वाढतात. म्हणून आता भर इंटरल्यूकिन-१५ वर आहे. दुसरं, गोठवून वितळवल्यावर पेशींचा जोम कमी होतो. तिसरं आणि सर्वांत कठीण, स्तन, फुप्फुस, स्वादुपिंड यांसारख्या घट्ट गाठींमध्ये शिरणं. केवळ थांबवणारे रिसेप्टर बंद करून पाहण्याचाही प्रयत्न झाला. एनकेजी२ए अडवणारं मोनालिझुमॅब हे औषध डोके-मानेच्या कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत २०२२ मध्ये अपेक्षित फायदा दाखवू शकलं नाही.

माझ्या रिपोर्टमध्ये एनके पेशी कमी आल्या आहेत. मला कॅन्सर होईल का?

एका रिपोर्टवरून असं ठरवू नका. साधा संसर्ग, ताणतणाव, स्टेरॉइड, अगदी रक्त देण्यापूर्वी केलेली धावपळ, यांनी हा आकडा वरखाली होतो. शिवाय संख्या आणि मारकशक्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्यात एनके पेशी जन्मजात खरोखरच नसतात किंवा निकामी असतात, अशा दुर्मीळ रुग्णांमध्ये पहिली खूण सहसा वारंवार आणि गंभीर होणारे नागीण-कांजिण्यांच्या कुळातल्या विषाणूंचे आजार ही असते. तसं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

व्यायाम किंवा आहाराने एनके पेशी वाढतात का?

व्यायाम करताना ॲड्रेनलिनमुळे एनके पेशी झटकन रक्तात उतरतात आणि नंतर काही तासांत संख्या पुन्हा खाली येते. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की चाकावर धावणाऱ्या उंदरांमध्ये गाठींची वाढ ६० टक्क्यांहून अधिक कमी झाली आणि त्यामागे गाठीत शिरलेल्या एनके पेशी होत्या. उंदरांमधला निकाल जसाच्या तसा माणसाला लागू होत नाही, पण व्यायाम करायला दुसरी कारणंही भरपूर आहेत. ‘एनके बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पावडरींनी कॅन्सर टळतो किंवा बरा होतो याचा भरवशाचा पुरावा नाही. केमो सुरू असताना त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

एनके पेशींना स्वतःला कॅन्सर होतो का?

होतो, पण क्वचित. नाकाच्या भागात सुरू होणारा एनके/टी लिम्फोमा हा त्यातला अधिक माहीत असलेला प्रकार. त्याचा एपस्टाइन-बार विषाणूशी घट्ट संबंध आहे. उपचारांत ॲस्पराजिनेज हे औषध महत्त्वाचं ठरतं.

पैसे भरून एनके थेरपी देणाऱ्या जाहिराती दिसतात. घ्यावी का?

माझं मत स्पष्ट आहे: नोंदणीकृत क्लिनिकल ट्रायलच्या बाहेर, भरमसाट पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या एनके पेशींपासून लांब राहा. अमेरिकेत २०१७ पासून कार-टीच्या अनेक उपचारांना मान्यता मिळाली. एनके पेशींच्या एकाही उपचाराला तिथे २०२४ अखेरपर्यंत कॅन्सरसाठी मान्यता नव्हती. जो उपचार जगातल्या मोठ्या केंद्रांमध्ये अजून तपासला जातोय, तो एखादं केंद्र ‘सर्व प्रकारच्या कॅन्सरवर, सर्व टप्प्यांवर’ देत असेल, तर ते पुरावा नसताना आशा विकत आहे. बचत संपते हे वाईटच. त्याहून वाईट म्हणजे ज्या उपचाराने खरोखर फायदा झाला असता त्याची वेळ निघून जाते.

समोरच्याला थेट विचारा. पेशी कोणाच्या? त्यात टी पेशी किती? देण्यापूर्वी किती टक्के पेशी जिवंत असतात, आणि हे कोण तपासतं? आधी केमो देणार का? माझ्याच प्रकारच्या कॅन्सरमध्ये तुमचे प्रसिद्ध झालेले निकाल कुठे आहेत? ट्रायल असेल तर नोंदणी क्रमांक काय आणि नैतिकता समितीची मंजुरी कोणाची? शेवटच्या प्रश्नाला कागद दाखवता आला नाही, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

ट्रायलमध्ये जायचं असेल तर कधी विचारावं?

लवकर. सगळे पर्याय संपल्यावर विचारलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो, कारण ट्रायलमध्ये घेताना यकृत, मूत्रपिंड, हृदय यांची स्थिती आणि रुग्ण किती हिंडता-फिरता आहे हे पाहतात. आधी कोणते उपचार झाले, किती दिवसांपूर्वी झाले, यावरही प्रवेश ठरतो. त्यामुळे पुढचा उपचार ठरवायला बसाल त्याच भेटीत आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा आणि बायॉप्सीचा रिपोर्ट, स्कॅन, आधीच्या केमोची औषधं व तारखा अशी फाइल बरोबर ठेवा. संमतिपत्र घरी नेऊन सावकाश वाचा, न समजलेल्या ओळीवर खूण करून ती विचारा. सही केल्यानंतरही, कोणत्याही टप्प्यावर आणि कारण न देता, ट्रायलमधून बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार नाकारता येत नाही.